देतो काढा, तपासतो अर्क

२०२१ सालच्या पावसाळ्यात नांदगावच्या आमच्या चिकित्सालयात एक वयस्क गृहस्थ वर्तमानपत्राचे कात्रण घेऊन आले. कोरोनाच्या काळात त्यांच्या घरी रोज सकाळी गुळवेलीचा काढा होत असे, आणि तो आमच्याच सांगण्यावरून होत असे. मुंबईतील यकृततज्ज्ञांनी त्या वर्षी सहा रुग्णांचा एक वृत्तांत प्रसिद्ध केला होता. गुळवेल घेतल्यानंतर या रुग्णांच्या यकृतास इजा झाली आणि ती स्वयंप्रतिरक्षक यकृतदाहासारखी होती, असे त्यात म्हटले होते. कात्रण त्याच बातमीचे होते. गृहस्थांनी वाद घातला नाही. कात्रण टेबलावर ठेवून त्यांनी इतकेच विचारले, "डॉक्टरांनू, तुमची गुळवेल खरीच मां?"

आम्ही होय म्हणालो, आणि ते उत्तर प्रामाणिक होते. परंतु ते गेल्यावर आम्ही पुरवठादाराने चूर्णासोबत दिलेले तपासणीपत्र काढून वाचले. वर्णन जुळते, राख मर्यादेत, जलविद्राव्य अंश मर्यादेत, मद्यविद्राव्य अंश मर्यादेत, पातळ थराची क्रोमॅटोग्राफी जुळते. कागदात दोष नव्हता. तरीही त्या वृद्ध गृहस्थांच्या पेल्यात रोज जे जात होते, त्याविषयी तो कागद जवळजवळ काहीच सांगत नव्हता. पुढे आयुष मंत्रालयाने त्या निष्कर्षांवर हरकत घेतली. गुळवेलीसारख्या दिसणाऱ्या टिनोस्पोरा क्रिस्पासारख्या वनस्पतींची गल्लत होऊ शकते असे दाखवून दिले, आणि २०२२ च्या फेब्रुवारीत गुडूची सुरक्षित असल्याचा निर्वाळा पुन्हा दिला. त्याच वर्षी अनेक केंद्रांतील रुग्णांचा आणखी मोठा वृत्तांतही प्रसिद्ध झाला. दोन्ही बाजूंनी लिहिले गेले, बोलले गेले. आमच्या हातातला कागद मात्र होता तसाच राहिला.

हा लेख त्या कागदाविषयी आहे. आमचे म्हणणे थोडक्यात असे. आपण रुग्णास जे देतो ते बहुतांशी पाण्यात सिद्ध केलेले असते : स्वरस, हिम, फांट, क्वाथ. प्रयोगशाळेत जे तपासले जाते ते मात्र बहुधा मिथेनॉलमध्ये वा अल्कोहोलमध्ये काढलेला अर्क असते. या दोहोंच्या मध्ये द्रव्यातील एक मोठा घटकवर्ग तपासणीतून निसटतो. तो वर्ग म्हणजे महारेणू, अर्थात मोठ्या आकाराचे रेणू. त्यांना आकारानुसार वेगळे करण्याची पद्धत साठ वर्षांहून जुनी आहे, आणि गेल्या काही दशकांत ती पुष्कळ वेगवान झाली आहे. आपल्या शास्त्रातले काही जुने प्रश्न या पद्धतीला विचारण्याची वेळ आली आहे, असे आम्हांस वाटते.

निसटलेला घटकवर्ग

गुळवेलीच्या तपासणीत ज्यांची नावे वारंवार येतात ते घटक, म्हणजे बर्बेरीन, पामेटीन, मॅग्नोफ्लोरीन, कॉर्डिफोलिओसाइड इत्यादी, सर्व लहान रेणू आहेत. बर्बेरीनचा रेणुभार सुमारे ३३६. ते अल्कोहोलमध्ये सहज उतरतात, पातळ थराच्या पट्टीवर ठिपका देतात, अतिनील प्रकाशात दिसतात. तपासणीस सोयीचे म्हणून ते 'ओळखीचे घटक' ठरले. औषधाचे संपूर्ण कर्म त्यांच्यामुळेच होते असे कोणी सिद्ध केले म्हणून नव्हे.

याउलट गुळवेलीच्या काढ्यात बहुशर्करा, म्हणजे पॉलिसॅकराइडे, भरपूर असतात. साखरेचे शेकडो-हजारो कण साखळीने जोडून बनलेले हे रेणू पाण्यात उतरतात आणि अल्कोहोलात उतरत नाहीत. रसायनशास्त्रज्ञ त्यांना वेगळे काढतात तेव्हा जलीय अर्कात अल्कोहोल ओततात आणि तळाशी बसलेला साका उचलतात. ज्या गुणधर्माचा उपयोग करून ते बहुशर्करा मिळवतात, त्याच गुणधर्मामुळे आपल्या नित्याच्या तपासणीत त्या आरंभीच गाळात जातात. चुकून एखादा अंश अर्कात राहिला, तरी तो अतिनील प्रकाश फारसा शोषत नाही. त्यामुळे केवळ अतिनील शोधक असलेल्या यंत्रास तो दिसत नाही.

हा वर्ग दुर्लक्षिण्याजोगा आहे काय? येथे आपल्याच राज्यातील एका कामाचे स्मरण करून देणे अगत्याचे आहे. तुर्भे येथील भाभा अणुसंशोधन केंद्रातील संशोधकांनी गुळवेलीच्या वाळलेल्या खोडापासून एक अरॅबिनोगॅलॅक्टन वेगळे केले आणि ते काम १९९९ मध्ये 'फायटोकेमिस्ट्री' या नियतकालिकात प्रसिद्ध केले. जी१-४ए या नावाने ते ओळखले जाते. त्याचा सरासरी रेणुभार त्यांनी सुमारे २२ लाख असा दिला. बर्बेरीनशी तुलना केली तर हा रेणू साडेसहा हजार पटींनी जड आहे. प्रयोगशाळेत त्याने प्रतिकारशक्तीशी संबंधित 'बी' पेशींना चालना दिली, आणि पुढे उंदरांवरही त्याचे प्रयोग झाले. पेशींवरील आणि उंदरांवरील या प्रयोगांतून तोंडाने घेतलेल्या काढ्याविषयी थेट निष्कर्ष काढता येत नाही, हे आम्ही जाणतो. तथापि ज्या गुणासाठी आज सर्वसामान्य माणूस गुळवेल मागतो, त्या गुणाशी संबंध दाखवणारा एक घटक मुंबईतच सापडला होता, आणि आपल्या तपासणीपत्रात त्याला एक ओळही मिळालेली नाही, ही वस्तुस्थिती आहे.

त्याच मुंबईत, सेठ गो. सुं. वैद्यकीय महाविद्यालय आणि के. ई. एम. रुग्णालयात, डॉ. शरदिनी डहाणूकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गुडूचीवर दीर्घकाळ काम केले. अवरोधजन्य काविळीच्या रुग्णांत शस्त्रक्रियेच्या जोडीने गुडूची देण्याविषयीचे त्यांचे निष्कर्ष १९९३ मध्ये प्रसिद्ध झाले. यकृताच्या कठीण अवस्थेत साहाय्य करणारे द्रव्य म्हणून ज्या शहरात गुळवेलीचा अभ्यास झाला, त्याच शहरातून २०२१ मध्ये ती यकृतास इजा करते असा वृत्तांत आला. ही विसंगती कोणाच्या हेतूंवर संशय घेऊन सुटणार नाही. दोन्ही वेळी रुग्णाच्या पोटात नेमके काय गेले, याची नोंद हाती असती, तर चर्चा निराळ्या पातळीवर झाली असती.

आकाराने वेगळे करण्याची रीत

क्रोमॅटोग्राफीचा, म्हणजे वर्णलेखनाचा, आरंभ वनस्पतींपासूनच झाला. रशियन वनस्पतिशास्त्रज्ञ मिखाइल त्स्वेत यांनी विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात खडूच्या भुकटीच्या स्तंभातून पानांचा अर्क सोडून हिरवी-पिवळी रंगद्रव्ये वेगळी केली. त्या पद्धतीत घटक वेगळे होतात ते पृष्ठभागाला कमी-अधिक चिकटण्यामुळे. केवळ आकारावरून रेणू वेगळे करण्याची कल्पना बरीच नंतरची. १९५५ च्या सुमारास लंडनमध्ये लेथ आणि रुथवेन यांनी पाण्यात फुगवलेल्या स्टार्चच्या स्तंभातून रेणू आकारानुसार वेगळे होतात असे दाखविले. १९५९ मध्ये स्वीडनमधील पोराथ आणि फ्लोडिन यांनी डेक्स्ट्रानच्या साखळ्या एकमेकींत गुंफून केलेल्या मण्यांचा उपयोग 'नेचर'मध्ये मांडला, आणि ते मणी सेफाडेक्स या नावाने जगभर गेले. डेक्स्ट्रान हीदेखील जिवाणूंनी साखरेपासून तयार केलेली बहुशर्करा आहे. बहुशर्करा मोजण्याचे साधनही प्रथम बहुशर्करेतूनच घडले, हे लक्षात घेण्याजोगे आहे. १९६४ मध्ये अमेरिकेत डाऊ कंपनीतील मूर यांनी कृत्रिम बहुवारिकांसाठी पॉलिस्टायरिनचे मणी वापरून हीच रीत प्रस्थापित केली. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत बहुवारिकांच्या अभ्यासासाठी ती अनेक वर्षे वापरात आहे.

हे कार्य कसे घडते? वस्त्रगाळ करताना बारीक कण पुढे जातात आणि जाडे मागे राहतात. येथे नेमके उलट घडते. आंगणेवाडीच्या भराडी देवीच्या जत्रेस गेलेल्यांना हे समजणे सोपे जावे. डोक्यावर बोचकी घेतलेला मोठा घोळका दुकानांच्या बोळांत शिरू शकत नाही; तो मुख्य रस्त्यानेच सरळ चालत दुसऱ्या टोकाला लवकर बाहेर पडतो. सोबतचे पोर मात्र प्रत्येक बोळात शिरते, खाजाच्या आणि खेळण्यांच्या दुकानांपाशी रेंगाळते आणि सर्वांत शेवटी पोहोचते. स्तंभातील प्रत्येक मण्याला असंख्य सूक्ष्म छिद्रे असतात. जे रेणू छिद्रांत मावत नाहीत ते मण्यांच्या मधून थेट खाली उतरतात. मध्यम आकाराचे काही छिद्रांत शिरतात, लहान रेणू सर्वत्र फिरून येतात. कोणता अंश किती वेळाने बाहेर आला, यावरून त्याच्या आकाराचा अंदाज येतो. आलेखावर एकामागून एक उंचवटे उमटतात, आणि तो आलेख त्या काढ्याची एक प्रकारची आकारपत्रिका ठरतो.

वेग कसा आला, आणि तो आपल्या किती उपयोगाचा

जुन्या मऊ जेलच्या स्तंभातून द्रव थेंबाथेंबाने उतरत असे. एका नमुन्यास अख्खी रात्र लागणे सामान्य होते. दाब देऊन वेग वाढवावा, तर मणी दबत आणि वाट बंद होई. दुसरी अडचण महारेणूंच्या स्वभावातच आहे. ते मंद गतीने पसरतात, छिद्रांत शिरण्यास आणि बाहेर येण्यास वेळ घेतात. द्रव वेगाने सोडला तर ही ये-जा पुरी होत नाही आणि उंचवटे एकमेकांत मिसळतात.

उत्तर दोन टप्प्यांत आले. प्रथम दाब सोसणारे कठीण मणी आले, आणि रात्रभराचे काम अर्ध्या-पाऊण तासावर आले. नंतर मणी बारीक होत गेले. रेणूस मण्याच्या आत-बाहेर करण्यास लागणारा वेळ मण्याच्या व्यासाच्या वर्गाच्या प्रमाणात असतो. व्यास निम्मा केला तर वेळ चौथाईवर येतो. किंमत मोजावी लागते ती दाबाची. पाच मायक्रॉनचे मणी सोडून १.७ मायक्रॉनचे घेतले, तर तोच वेग राखण्यासाठी आठ-नऊपट दाब लागतो. तो सोसणारी यंत्रे २००४ च्या सुमारास बाजारात आली, आणि २०१० च्या सुमारास आकारानुसार पृथक्करणासाठीचे तसे स्तंभही मिळू लागले. प्रथिनांसारख्या रेणूंची तपासणी आता दहा मिनिटांच्या आत होऊ शकते. ही घाई प्रतिपिंड-औषधांच्या कारखान्यांना होती. तेथे रेणूंच्या गुठळ्या झाल्या तर रुग्णास अपाय होऊ शकतो, म्हणून प्रत्येक घाण्याची अशी तपासणी करावी लागते.

येथे औषधशाळांच्या मालकांना एक सावधगिरीची सूचना द्यावीशी वाटते. यंत्रविक्रेते 'सर्वांत वेगवान' या शब्दावर भर देतात. परंतु प्रतिपिंडांसाठी केलेल्या स्तंभाची छिद्रे २२ लाख रेणुभाराच्या बहुशर्करेस अपुरी पडतात. ती सर्व एकाच उंचवट्यात, छिद्रांत न शिरता, सर्वप्रथम बाहेर येते, आणि आलेख पाहून काहीच उमगत नाही. शिवाय अतिउच्च दाबाने अरुंद वाटांतून ढकलल्या गेलेल्या लांब साखळ्या तुटू शकतात. मग आपण जे मोजतो ते काढ्यातले नसून यंत्राने केलेले तुकडे असतात. आपल्या कामास रुंद छिद्रांचे, किंचित जाड मण्यांचे, अर्ध्या तासाचे स्तंभच योग्य. अपवर्तनांकावर चालणारा शोधकही हवा, कारण शर्करा अतिनील शोधकास दिसत नाहीत. वेगाचा आपणास खरा लाभ आहे तो असा, की एका नमुन्यास रात्र लागत होती तोवर शंभर नमुन्यांची तुलना कोणी मनातही आणली नसती. आज ती एका आठवड्याचे काम आहे.

आकार काय सांगत नाही

ही पद्धत ओळख पटवत नाही. दोन भिन्न बहुशर्करा एकाच आकाराच्या असू शकतात. आलेखावरचा आकडाही डेक्स्ट्रान वा पुलुलान यांसारख्या प्रमाणद्रव्यांच्या तुलनेत काढलेला असतो. स्तंभाला कळते ते रेणूने पाण्यात व्यापलेले आकारमान, वजन नव्हे. फांद्या असलेला रेणू आणि सरळ साखळीचा रेणू सारख्याच वजनाचे असूनही निरनिराळ्या वेळी बाहेर येतात. निरपेक्ष रेणुभारासाठी प्रकाशविकिरणाचा शोधक जोडावा लागतो. गुळवेलीच्या बाबतीत आणखी एक अडचण अशी, की तिच्या खोडात स्टार्च पुष्कळ असतो आणि उकळल्यावर तो काढ्यात उतरतो. नमुना आधी अमायलेजने पचवून घेतला नाही, तर स्टार्चच्या उंचवट्याखाली बाकी सर्व झाकले जाते. ओलसर कच्च्या मालावर वाढलेल्या जिवाणूंचे विषारी घटकही महारेणूंतच मोडतात, आणि प्रतिकारपेशींना तेही चालना देतात. म्हणून स्वच्छ नमुन्याशिवाय कोणतेही अनुमान काढणे धोक्याचे आहे.

गुळवेल आणि टिनोस्पोरा क्रिस्पा यांतील भेद ठरवण्यास पहिला उपाय आजही ताज्या वेलीची बाह्य पाहणी आणि खोडाच्या छेदाची सूक्ष्मदर्शकीय तपासणी हाच होय. त्याच्या जोडीस पातळ थराची पट्टी आणि गरज पडल्यास जनुकीय चाचणी. गुळवेलसत्त्वाचेही तसेच. आयोडीनने निळे झाले म्हणून सत्त्व खरे, असे मानणाऱ्या औषधशाळा आजही आहेत. बटाट्याचा, मक्याचा, गुळवेलीचा, कोणताही स्टार्च आयोडीनने निळाच होतो. बटाट्याचे मोठे अंडाकृती कण आणि मक्याचे कोनदार कण साध्या सूक्ष्मदर्शकाखाली ओळखता येतात. त्या साधनाची किंमत महागड्या स्तंभाच्या मानाने अल्प आहे. जे काम डोळ्याने होते त्यासाठी यंत्राकडे धाव घेऊ नये.

आकाराची तपासणी उपयोगी पडते ती ओळख पटल्यानंतर. खरी गुळवेल घेतली; पण ती कशी वाळवली, किती काळ ठेवली, कशी उकळली, त्यात तिचे महारेणू टिकले की तुटले, हे ती सांगू शकते. लसींच्या क्षेत्रात ही बाब केव्हाच मान्य झाली आहे. मेनिंजायटिसच्या जिवाणूच्या बहुशर्करेपासून केलेल्या लसीसाठी जागतिक आरोग्य संघटनेने १९७० च्या दशकातच रेणूंच्या आकाराची मर्यादा घातली, कारण साखळी तुटून लहान झाली की लसीचा प्रभाव घटतो. आफ्रिकेतील साथींसाठी २०१० पासून वापरात आलेली मेनाफ्रिवॅक ही बहुशर्करेवर आधारलेली लस पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटने तयार केली. बहुशर्करेचा आकार तपासण्याची विद्या आपल्या राज्यात अनोळखी नाही. वैद्यांच्या दारापर्यंत ती आलेली नाही, इतकेच.

आपल्या शास्त्राचे प्रश्न

आजवर बहुतेक वेळा यंत्रांकडे आपण गेलो ते दुसऱ्या कोणास पटवून देण्यासाठी : निर्यातीसाठी, परवान्यासाठी, टीकाकारांसाठी. २००० मध्ये 'शेड्यूल टी' आले, २००६ पासून निर्यातीच्या औषधांत जड धातूंची तपासणी सक्तीची झाली. हे सर्व आवश्यक होते. परंतु आपल्या ग्रंथांतून उभे राहणारे प्रश्न आपण यंत्रास क्वचितच विचारले.

शार्ङ्गधरसंहितेने ज्या द्रव्यांचा उपयोग नेहमी आर्द्रावस्थेतच करावा असे सांगितले, त्यांत गुडूची आहे. चरकाने मेध्य रसायनांत गुडूची सांगितली ती रसाच्या रूपात. आज बाजारात जाणारी बहुतांश गुळवेल मात्र वाळलेली असते. आर्द्र आणि शुष्क यांत भेद काय, याचे उत्तर लहान रेणूंत कदाचित मिळणार नाही, कारण वाळल्यावर त्यांतले बरेच टिकून राहतात. भेद महारेणूंत असेल काय? ताजे खोड कापल्यावर त्यातील विकर साखळ्या तोडू लागतात काय? तोडत असतील तर किती दिवसांत? एकाच वेलीचे तुकडे ताजे, सात दिवसांनी आणि तीन महिन्यांनी तपासले, तर या प्रश्नाचे बऱ्यापैकी उत्तर मिळू शकते.

दुसरा प्रश्न क्वाथाचा. सोळापट पाणी घेऊन अष्टमांश उरवावे, हा विधी आपण रुग्णास सांगतो, आणि रुग्ण गॅसवर पाच मिनिटे उकळून गाळून घेतो. दोन्ही काढ्यांच्या आकारपत्रिका एकाखाली एक ठेवल्या, तर विधीचे महत्त्व रुग्णास समजावणे सोपे जाईल. किंवा विधी सौम्य केल्याने फारसे बिघडत नाही असेही कदाचित दिसेल. दोन्ही उत्तरे आपणास हवीत. तिसरा प्रश्न निंबावर चढलेल्या गुळवेलीचा. ती श्रेष्ठ, असे आपण परंपरेने मानतो. आंब्यावरची, ऐनावरची आणि कडुनिंबावरची वेल एकाच ऋतूत, एकाच परिसरात कापून तुलना करणे नांदगावात कोणासही शक्य आहे.

चौथा प्रश्न आमच्या कोकणाचा स्वतःचा आहे. सिंधुदुर्गात वर्षाकाठी सुमारे ३,००० मिलिमीटर पाऊस पडतो. जून ते सप्टेंबरात कापलेली वेल उन्हात वाळणे अशक्यच. ती माळ्यावर, चुलीच्या धगीवर वाळवली जाते आणि अनेकदा तिला बुरशी धरते. बुरशी जी विकरे सोडते ती बहुशर्करेच्या साखळ्याच खाते. पाण्यात विरघळणाऱ्या अंशाचे प्रमाण त्यामुळे घटेलच असे नाही. तुटलेले तुकडे अधिक सहज विरघळत असल्याने ते उलट वाढूही शकते. अशा वेळी आपल्या तपासणीपत्रावरचा 'मर्यादेत' हा शेरा सडलेल्या मालाच्या बाजूनेच साक्ष देईल. आमच्या मते या लेखातील सर्वांत महत्त्वाचा मुद्दा हाच आहे.

दोन आक्षेप

पहिला आक्षेप ज्येष्ठ वैद्यांकडून येतो. द्रव्याचे कर्म रस, गुण, वीर्य, विपाक आणि प्रभाव यांवरून जाणावे. रेणू मोजून गुळवेल कळत नाही. हे आम्हांस मान्य आहे. रेणुभारावरून चिकित्सा ठरवावी असे आम्ही म्हणतच नाही. परंतु द्रव्य प्रशस्त आहे की नाही, जीर्ण झाले की नाही, कीटकांनी वा जलाने दूषित झाले की नाही, हे पाहण्याची आज्ञा शास्त्रानेच दिली आहे. जुन्या वैद्यास ती परीक्षा स्वतःच्या नाकाने, जिभेने आणि बोटांनी करता येत होती, कारण वेल त्याच्या समोर कापली जात होती. आज वेल एका जिल्ह्यात कापली जाते, दुसऱ्यात दळली जाते आणि तिसऱ्यात पुडीबंद होते. जे इंद्रियांना दिसेनासे झाले, ते पाहण्याची सोय करणे शास्त्राच्या विरुद्ध नाही.

दुसरा आक्षेप औषधशाळांच्या मालकांचा आहे आणि तो अधिक टोचणारा आहे. प्रत्येक नवी तपासणी काही वर्षांनी सक्तीची होते, आणि तिचा भार मोठ्या कंपनीस जाणवत नाही, तर दोन खल आणि एक पल्व्हरायझर असलेल्या छोट्या औषधशाळेचे दार बंद होते. ही भीती अनाठायी नाही. म्हणून आम्ही स्पष्टपणे लिहितो, की ही तपासणी प्रत्येक घाण्यास सक्तीची होऊ नये. तिच्या मर्यादा वर सांगितल्याच आहेत. जी पद्धत ओळखही पटवत नाही, तिला परवान्याची अट बनविणे अन्यायाचे ठरेल. ती अभ्यासाचे साधन राहावी, आणि त्या अभ्यासातून जे साधे नियम निघतील, म्हणजे वेल केव्हा कापावी, किती दिवसांत वाळवावी, कशात साठवावी, ते सर्वांनी पाळावेत. साधे नियम पाळण्यास खर्च कमी आणि काळजी अधिक लागते. ती छोट्या औषधशाळेस मोठ्या कारखान्यापेक्षा सहज जमते.

काय करता येईल

यंत्र विकत घेण्याची कोणासही गरज नाही. मुंबईच्या आय. आय. टी.तील आधुनिक विश्लेषण-सुविधेसारख्या केंद्रांतून बाहेरच्यांचे नमुने शुल्क घेऊन तपासले जातात. औषधे व सौंदर्यप्रसाधने नियमावलीच्या १६०-ए ते १६०-जे या नियमांखाली मान्यता मिळालेल्या प्रयोगशाळाही आहेत. आपल्या संघटनेने एका वर्षापुरते एकच द्रव्य घ्यावे, आणि ते गुळवेल असावे. सभासदांनी आपापल्या परिसरातून नमुने पाठवावेत. प्रत्येकासोबत कापणीचा दिनांक, गाव, आधारवृक्ष, वाळवण्याची रीत आणि साठवणीचा काळ लिहावा. वनस्पतीची ओळख आयुर्वेद महाविद्यालयाच्या द्रव्यगुण विभागाकडून पटवून घ्यावी. त्यानंतरच पाण्यातील अर्काची आकारपत्रिका काढावी, आणि प्रत्येक नमुन्याचा अर्धा भाग सीलबंद करून जपून ठेवावा. उद्या कोणी शंका घेतली तर तो राखीव भागच आपली साक्ष देईल.

संग्राहकांनाही यात स्थान हवे. ठाणे जिल्ह्यातील शहापूर येथे कातकरी तरुणांच्या गटाने वन धन केंद्राच्या माध्यमातून गुळवेल गोळा करून मोठ्या औषधकंपन्यांना पुरवली, हे उदाहरण सर्वज्ञात आहे. वेल कोणत्या झाडावरून, कोणत्या दिवशी उतरवली, हे कापणाऱ्यालाच ठाऊक असते. ती माहिती पोत्यासोबत यावी आणि तिच्यासाठी त्यास किलोमागे चार पैसे अधिक मिळावेत, इतकी सुधारणा यंत्राविनाही उद्यापासून करता येईल.

ते वृद्ध गृहस्थ अजूनही आमच्याकडे येतात. गुळवेल त्यांनी थांबविली नाही. मात्र आता ते चूर्ण नेत नाहीत. चिकित्सालयामागील कडुनिंबावरची वेल आम्ही त्यांना दाखविली, आणि तिचे वीतभर ताजे खोड ते कापून नेतात. त्यांच्यापुरता प्रश्न असा सुटला, कारण वेल त्यांच्या डोळ्यांसमोर आहे. नांदगावच्या तिठ्यावरून देवगडला, कणकवलीला, मुंबईला जी पुडी जाते, ती घेणाऱ्याच्या डोळ्यांसमोर वेल नसते. त्यास आपला शब्द आणि आपला कागद एवढेच दिसते. तो कागद काढ्याविषयी काही सांगणारा असावा, यासाठी संघटनेच्या येत्या वार्षिक सभेत वरील योजना ठराव म्हणून मांडण्याचा आमचा मानस आहे. सभासदांनी आपले अनुकूल वा प्रतिकूल मत त्यापूर्वी कळवावे, ही विनंती.